जखमेशी घासाघीस

डॉक्टर मॅडमनी माझ्या कंबरेवरच्या बारक्या भोकातून एक स्टीलची सळई आत सरकवली. मी कुशीवर होते, तोंड भिंतीकडे. फार दुखलं नाही. पण सळई आत जातच राहिली आणि जिथे थांबली तिथे आवाज झाला. टक्. चमचा पातेल्याच्या बुडाला लागावा तसा.

"शोभाताई," मॅडम म्हणाल्या, "ही जखम भरलेली नाही. फक्त वरून बुजली आहे. आत पू आहे, आणि तो तुमच्या स्क्रूपर्यंत पोचला आहे."

माझी नणंद कुसुम पायथ्याशी उभी होती. कुठे बोलावं आणि कुठे गप्प बसावं हे तिला कधीच कळलं नाही. "मॅडम, आता वाजलं ते काय होतं वो?"

"स्क्रूच होता तो."

"अवो माय," कुसुम म्हणाली आणि माझा पाय धरला.

मी भिंतीकडेच पाहत राहिले. माझ्या मनात पहिला विचार आला तो देवाचा नव्हता, घरच्यांचाही नव्हता. मी त्या माणसाला सांगितलं होतं की वास येतोय. हाच विचार आला. आजही जखमेची आठवण निघाली की पहिल्यांदा तोच येतो.

मणक्याचं ऑपरेशन झालेल्या किंवा होणार असलेल्या लोकांसाठी मी हे लिहिते आहे. ऑपरेशनला घाबरू नका हे सांगणारे पुष्कळ भेटतील. टाके घातल्यानंतर काय होऊ शकतं ते फारसं कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आणि जे सांगितलं ते मी ऐकलं नाही. दोन्ही लिहिते.

माझं उमरखेडला साड्यांचं दुकान आहे. ते मला सासऱ्यांनी दिलं नाही की बापाने दिलं नाही. सुरुवातीला साड्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन एसटीने गावोगाव फिरले, ओट्यांवर बसून साड्या उलगडल्या, बायकांशी भांडून भांडून विकल्या. मिस्टर शाळेत कारकून होते, आता निवृत्त आहेत. दुकानात बसतात, पण गिऱ्हाईक जेवढं कमी मागेल तेवढं कमी करून मोकळे होतात. त्यामुळे दुकान खरं तर मीच चालवते.

त्या गाठोड्याने कंबर गेली. डाव्या पायात मुंग्या, मग कळा, मग दुकानापासून चौकापर्यंतही चालवेना. एमआरआय झाला. आजाराचं नाव स्पाँडिलोलिस्थेसिस, म्हणजे एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकणं. यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन करून दोन मणके चार स्क्रू आणि दोन सळयांनी एकमेकांना बांधले. ऑपरेशन चांगलं झालं, हे मी कबूल करते. दुसऱ्या दिवशी पायातली कळ गेलेली होती. सहाव्या दिवशी मी घरी आले.

नवव्या दिवशी परकराची नाडी ओली लागली. पट्टीच्या खालच्या कडेने पाणी झिरपत होतं. मिस्टरांनी मोबाइलवर फोटो काढला आणि डॉक्टरांच्या असिस्टंटला पाठवला. उत्तरात उभा केलेला अंगठा आला. फोन केला तेव्हा तो म्हणाला, "थोडं पाणी येतंच, मावशी. सुकेल."

पण त्या पाण्याला वास होता. फोटोला वास येत नाही.

बाराव्या दिवशी गाडी करून यवतमाळला गेले. चार तास बाकावर एका कुशीवर टेकून बसले. मणक्याचे डॉक्टर दोन ऑपरेशनांच्या मधे बाहेर आले, उभ्याउभ्या माझी पट्टी वरून दाबून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, वास येऊन राह्यला. उघडून पाहा."

ते हसले. माझा धंदा त्यांना माहीत होता. "मावशी, नव्या कापडालाही वास येतोच की. एका धुण्यात जातो."

बाकावरचे दोन-तीन जण हसले. डॉक्टर आत गेले. पट्टी उघडली गेली नाही.

ज्या नाकाने मी खळीचा वास ओळखते, कुठलं कापड ओलीत पडून होतं ते सांगते, त्या नाकाला त्यांनी चारचौघांत खोटं पाडलं. मी रागीट आहे, हे आख्ख्या उमरखेडला माहीत आहे. पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ज्याने आपली पाठ उघडून पाहिली आहे त्याच्यापुढे माणूस लहान होतो. तुम्ही होऊ नका. पट्टी उघडल्याशिवाय बाकावरून उठू नका, कुणी हसलं तरी.

सतराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. पुन्हा यवतमाळ. आता पट्टी उघडली. टाक्यांमधून पू आला. याला सर्जिकल साइट इन्फेक्शन म्हणतात, म्हणजे ऑपरेशनच्या जागीच जंतूंनी घर करणं. डॉक्टरांनी जखम उघडून धुतली, पुवाचा नमुना कल्चरला पाठवला. कल्चर म्हणजे कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाने मरतो ते शोधणं. मग जखम पुन्हा शिवली.

आता माझी चूक सांगते. ती सांगायला मला त्यांच्या चुकीपेक्षा जास्त जड जातं.

घरी सोडताना असिस्टंट म्हणाला, "रोज एक इंजेक्शन, शिरेतून. सहा आठवडे."

माझ्या धंद्यात पहिला आकडा बोलायचा असतो, द्यायचा-घ्यायचा नसतो. साडीचा पहिला भाव सांगितला आणि बाईने तोच दिला, तर मलाच चुकल्यासारखं वाटतं. मी विचारलं, "सहाचे किती होतील?"

"रिपोर्ट चांगले आले तर बघू. पाचवर."

"तीन करा. लग्नसराई तोंडावर आहे."

तो तरुण होता, दमलेला होता. हसला. "बरं, तीन आठवड्यांनी येऊन दाखवा, मग ठरवू."

मी ऐकलं ते एवढंच: तीन. समोरचा हसला आणि त्याने आपला आकडा उच्चारला की सौदा झाला, असं मी पंचवीस वर्षं मानत आले. उमरखेडच्या एका डॉक्टरांकडे मी एकवीस इंजेक्शनं घेतली. जखम मिटली होती, ताप नव्हता. बाविसाव्या दिवशी दुकानात जाऊन बसले. दाखवायला गेलेच नाही. त्या माणसाचं तोंड पाहायचं नव्हतं, हेही खरं.

दोन आठवडे गेले. एके दिवशी साडी बदलताना जखमेच्या खालच्या टोकाला तिळाएवढं भोक दिसलं, आणि त्यातून पुन्हा तोच वास. या वेळी मी कुणाला फोटो पाठवला नाही. सरळ यवतमाळला गेले. तिथे मणक्याच्या डॉक्टरांनी प्लास्टिक सर्जन मॅडमना बोलावलं आणि मॅडमनी ती सळई घातली.

मॅडमनी मला समजावलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "स्क्रूवर जंतूंचा थर बसतो. तिथे औषध नीट पोचत नाही. साधा उपाय म्हणजे स्क्रू काढून टाकणं. पण तुमचं हाड अजून जुळलेलं नाही. आत्ता स्क्रू काढले तर मणका परत सरकेल, पायाच्या नसा दाबल्या जातील. तुम्ही किती उभ्या राहू शकाल ते मला सांगता येणार नाही. म्हणून एकदा प्रयत्न करू. सगळं मेलेलं काढून धुऊ. मग तुमच्याच पाठीचा स्नायू सरकवून तो खड्डा भरू. स्नायूत रक्त असतं, रक्ताबरोबर औषध पोचतं. हे टिकलं तर स्क्रू राहतील. नाही टिकलं तर काढावे लागतील."

"टिकन का?" मी विचारलं.

"प्रयत्न करू."

"ते नाही विचारलं मी."

"मला कळलं तुम्ही काय विचारलं ते," मॅडम म्हणाल्या. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भाव कमी होणार असेल तर माणसाच्या चेहऱ्यावर कुठेतरी दिसतं. तिथे काहीच दिसत नव्हतं.

पहिलं ऑपरेशन डीब्राइडमेंटचं झालं. म्हणजे सडलेलं आणि मेलेलं मांस कापून काढून जखम धुणं. शुद्धीवर आले तेव्हा पाठीत एक खड्डा होता आणि त्यात काळा स्पंज बसवला होता. वरून प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला, त्यातून एक नळी निघून खाटेला टांगलेल्या मशीनला गेलेली. याला व्हॅक म्हणतात. मशीन जखमेतली घाण सतत ओढून घेतं, त्यामुळे खड्डा आतून स्वच्छ लाल मांसाने भरायला लागतो.

हे मशीन दिवसभर घुरघुरत होतं. मी खाटेला बांधलेली गाय होते, आणि दावं अडीच हाताचं. दर तीन दिवसांनी स्पंज बदलायचा. तो मांसाला चिकटलेला असतो, काढताना काय होतं ते लिहीत नाही. आधी गुंगीचं औषध मागून घ्या, संकोच करू नका.

चौथ्या दिवशी मिस्टरांचा फोन आला. म्हणाले, "तू काई काळजी नको करू, दुकान चालू हाय." ज्या आवाजात ते हे म्हणाले त्यावरून कळलं की दुकान चालू नाही, नुसतं उघडं आहे. लग्नसराई भरात होती. मी फोन ठेवला. तेवढ्यात बाहेर मणक्याच्या डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. ते शेजारच्या खोलीत गेले, पेशंटशी काहीतरी बोलून हसले आणि माझ्या दारावरून पुढे गेले. आत आले नाहीत.

मी हात लांब करून मशीनची पिन भिंतीतून उपटली. मशीनमधल्या बॅटरीवर ते चालूच राहिलं. मग मी नळीच ओढली.

मशीन किंचाळायला लागलं. कुसुम न्हाणीतून ओल्या हातांनी धावत आली. "वहिनी! काय केलं हे? काहून केलं?"

"मले जाऊ दे घरी."

"ह्या भोकासकट जातं का घरी?"

प्लास्टिक सुटलं होतं. स्पंज वेळेआधीच काढावा लागला, आणि गुंगीचं औषध द्यायला माणूस जागेवर नव्हता. मॅडम आल्या, रागावल्या नाहीत. काम संपवून हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "राग आला तर मला बोला शोभाताई. मी ऐकून घेईन. मशीनवर काढलात की तो जखमेवर निघतो."

आठव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट सुधारला. सीआरपी नावाची एक तपासणी असते. शरीरात कुठे जंतूंशी लढाई चालू आहे का आणि किती जोरात, ते तिच्यावरून कळतं. तो आकडा खाली आला होता. दहाव्या दिवशी जखम बंद करायचं ऑपरेशन झालं. याला फ्लॅप म्हणतात, म्हणजे शेजारचा जिवंत स्नायू त्याच्या रक्तवाहिन्यांसकट सरकवून खड्ड्यात बसवणं. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू मधे आणून, स्क्रूंवर पांघरून, थरावर थर शिवले. वर कातडी ओढून टाके. आणि दोन बाजूंना दोन ड्रेन, म्हणजे आत साचणारं पाणी बाहेर आणणाऱ्या नळ्या. प्रत्येकीच्या टोकाला दाबून ठेवलेलं प्लास्टिकचं डबडं, ते हळूहळू फुगत पाणी ओढतं.

"उताणं झोपायचं नाही," मॅडमनी सांगितलं. "पाठीवर जरा वजन आलं तर आतला रक्तपुरवठा दाबला जाईल. पालथं, नाहीतर कुशीवर. स्वतःहून वळायचं नाही. दोघी जणी तुम्हाला वळवतील."

याला लॉग रोल म्हणतात, म्हणजे ओंडक्यासारखं एकसंध फिरवणं. दर दोन तासांनी सिस्टर आणि कुसुम मिळून मला फिरवायच्या. जेवण पडून, पाणी स्ट्रॉने, आणि बाकीचंही सगळं पडूनच. ज्या बाईने कुणाला कधी पाणी मागितलं नाही ती भांडं मागायची आणि भिंतीकडे तोंड करून रडायची.

पालथी असताना खाटेच्या कडेवरून खाली फक्त फरशी दिसे, आणि येणाऱ्यांची पावलं. साडीचा खालचा काठ दिसायचा. मी काठावरूनच पोत ओळखायची, फॉल कुणी घाईत लावला आहे तेही. उमरखेडची माझी एक चुलत जाऊ भेटायला आली. डोळे पुसत होती, किती वाईट झालं म्हणत होती. मी तिच्या पायांशी पाहत होते. तो काठ माझ्या दुकानात कधी आलाच नव्हता.

"साडी चांगली हाय," मी म्हटलं.

तिचा एक पाय मागे सरकला. "ते... भावाच्या घरून आली वो, ताई."

कुसुम हसता हसता बाहेर पळाली. त्या महिन्यातलं एवढंच हसू मला आठवतं.

फ्लॅपनंतर पाचव्या दिवशी काळे बूट आले. एवढ्या वेळा त्यांची वाट पाहिली होती की चालीवरून कळलं. मणक्याचे डॉक्टर. त्यांनी फाइल पाहिली, पायाची बोटं हलवायला लावली. निघायला लागले तेव्हा मी बोलले. पालथं पडून, उशीत अर्धं तोंड, पण बोलले.

"डॉक्टरसाहेब, कापडाचा वास धुतल्यावर जातो. हा नाही गेला."

बूट थांबले. त्यांच्या मागे असिस्टंट होता, सिस्टर होती. मला वाटलं, आता म्हणतील इन्फेक्शन कुणालाही होऊ शकतं, तुमच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं. तसा फॉर्म होता, त्यावर माझी सहीही होती.

ते म्हणाले, "त्या दिवशी मी पट्टी उघडायला पाहिजे होती."

मी थांबले. अजून काही येईल म्हणून. मला माफी हवी होती, चारचौघांत हवी होती, त्याच बाकावर उभं राहून हवी होती. पुढे ते म्हणाले, "आणि तुम्ही इंजेक्शनं सोडायला नको होती."

मी तोंड उघडलं. आयुष्यात मी कुणाच्या शेवटच्या वाक्यावर गप्प बसलेली नाही. पण यात खोडायला काही नव्हतं. पहिलं वाक्य खरं होतं, दुसरंही खरं होतं, आणि ते एकातून दुसरं वजा करत नव्हते. बूट निघून गेले.

"बोलले ना ते," कुसुम म्हणाली. "अजून काय पाह्यजे तुले?"

"अजून पाह्यजे," मी म्हटलं. आजही तेच म्हणते. चूक कबूल केली याचं मोल आहे. पण ज्यांच्यासमोर मला हसले त्यांच्यासमोर नाही केली.

खरी परीक्षा ड्रेनची झाली. नियम असा होता: चोवीस तासांत तीस मिलीपेक्षा कमी पाणी, असं लागोपाठ दोन दिवस आलं की नळी निघणार. नळी निघाली की थोडं उठवून बसवणार. उजवी लवकर निघाली. डावी निघेना. साठ. पंचेचाळीस. सदतीस. रोज सकाळी आठला सिस्टर डबड्यातलं पाणी मापात ओतून आकडा लिहायची आणि मी कागदाकडे पाहायची. अकराव्या दिवशी अठ्ठावीस आलं. एक दिवस झाला. आता अजून एक.

बाराव्या दिवशी सकाळी सातला मी कुशीवर होते, डबडं समोरच लटकत होतं. नजरेनेच कळलं की तिसाच्या वर आहे. चाळीस असेल. माझ्या नजरेचं माप चुकत नाही. सिस्टर यायला तास होता.

डबड्याला वर एक बूच असतं. ते काढायचं, थोडं ओतायचं, दाबून परत लावायचं. एवढंच.

"कुसुम," मी हळूच म्हटलं, "हे जरासं त्या बेसिनमधी ओत."

ती केस विंचरत होती. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कंगवा केसांतच राहिला.

"कोण पाह्यतं?" मी म्हटलं. "दहा-पंधराचा तर सवाल हाय. ती नळी मले जीव घेऊन राह्यली."

कुसुम कळंबजवळच्या खेड्यात राहते, शेती करते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला भोळी समजत आले. ती येऊन खाटेच्या कडेला बसली. "वहिनी, डबड्यातलं फेकून देतो मी. तू सांगतलं तर फेकून देतो. पण पाठीतलं कसं फेकू?"

मी पुन्हा डबड्याकडे पाहिलं.

"नळी काढतील अन् ते आतच साचन. मंग पुन्हा टक् वाजन."

तो आवाज तिच्याही कानात राहिला होता, हे मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, तो माझा एकटीचा आहे.

मी म्हटलं, "ठेव तसंच." सिस्टर आली. चाळीस नव्हतं, बेचाळीस होतं. कागदावर बेचाळीस लिहिलं गेलं. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते. नळी पुढे पाच दिवसांनी निघाली.

मॅडमना हे मी नंतर सांगितलं. म्हणाल्या, त्या दिवशी नळी काढली असती तर पाणी आत साचून स्नायू उचलला गेला असता, आणि मग पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं. कदाचित स्क्रूही.

यानंतर एकदा जीव घाबरला. टाक्यांच्या मधोमध कातडीची कड बोटभर काळी पडली. मॅडम रोज पाहायच्या आणि म्हणायच्या, "थांबू." किती दिवस, हे मी विचारलं नाही. काळा पापुद्रा आपोआप सुटला. खाली गुलाबी कातडी होती. एकविसाव्या दिवशी टाके काढले. ज्या दिवशी बेल्ट बांधून उभं केलं त्या दिवशी पाय कापत होते, पण पाय माझे होते.

इंजेक्शनं सहा आठवडे घ्यायची होती. दवाखान्यातून सुटल्यावर उरलेल्या दिवसांसाठी मी उमरखेडला गेले नाही, कुसुमच्या घरी राहिले. दुकान जवळ असतं तर मी काहीतरी करून बसलेच असते, एवढं मी स्वतःला ओळखते. दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी एक लांब नळी ठेवली होती, तिला पिक लाइन म्हणतात. तिच्यातून रोज सकाळी इंजेक्शन. कुसुमने कळंबच्या चिंतामणीला नवस बोलला होता. मी बोलले नव्हते. मला नवसातही घासाघीस करायची सवय आहे, या वेळी ती नको होती. बेचाळीस दिवस पूर्ण झाले तेव्हा सीआरपी नॉर्मल आला. एक्स-रेमध्ये स्क्रू जागेवर होते, सैल झालेले नव्हते.

मॅडमना मी शेवटचं विचारलं, "आता परत होणार नाही ना? पक्कं सांगा."

"पक्कं नाही सांगता येत. स्क्रू आहेत तोवर वर्ष-दीड वर्ष लक्ष ठेवायचं. ताप, वास, ओल, लाली, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी यायचं. फोटो नाही पाठवायचा. यायचं."

हे तुम्हीही लिहून ठेवा. आणि डॉक्टर दिवस सांगतील तो भाव नसतो. त्यात कमी-जास्त होत असेल तर ते रिपोर्ट पाहून तेच ठरवतील. आपण नाही.

मॅडमचे उपकार माझ्यावर आहेत. सिस्टरचे आहेत, तिला मी काय काय बोलले ते तिने मनात ठेवलं नाही. कुसुमला धन्यवाद म्हटलं तर ती म्हणते, "बस्स कर वो वहिनी, लय झालं." मणक्याच्या डॉक्टरांकडे मी अजूनही जाते. ते आता प्रत्येक वेळी जागा स्वतः उघडून पाहतात. आम्ही दोघं तेवढ्यापुरतं बोलतो.

जखमेची जागा अशी आहे की मला स्वतःला ती दिसत नाही. म्हणून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मिस्टर पाहतात. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाने उजेडात माझ्या पाठीकडे कधी पाहिलं नव्हतं. आता चष्मा लावून, खिडकीशी उभं करून, खालून वरपर्यंत पाहतात, नाक जवळ नेऊन वास घेतात. घाई करत नाहीत. मी भिंतीला हात टेकून उभी असते.

"काई नाई," ते म्हणतात.

मग मी पदर घेते, आणि आम्ही शटर वर करतो.